खांबांवरची झाडं

हा सिमेंटचा खांब नीट बघा. त्यावर झाड रंगवलंय. बुंधा, फांद्या, पानं, सगळं. डोक्यावर आय-१० महामार्ग. गाड्यांची घरघर थांबतच नाही.

हे अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, मिसिसिपी नदीवरचं बंदर. आणि ही तिथली ट्रेमे वस्ती. गुलामगिरी चालू असतानाही इथे स्वतंत्र कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीची घरं होती.

पलीकडे काँगो स्क्वेअर. १८१७ मध्ये शहराने नियम केला: गुलामांनी जमायचं ते फक्त रविवारी, नेमून दिलेल्या एकाच जागी. त्या मैदानात लोक आफ्रिकेचे ताल वाजवत, नाचत, फळं-खाऊ विकून चार पैसे गाठीला बांधत. जाझचं मूळ शोधत निघालेला माणूस इथे आल्याशिवाय राहत नाही.

सेंट ऑगस्टीन चर्च १८४१ चं. तेव्हा चर्चमधल्या बाकांना भाडं पडे. स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःसाठी बाक घेतले, आणि बाजूच्या रांगांतले गुलामांसाठीही. बाहेर जाड साखळदंडांचा क्रूस आहे, बेड्या लटकवलेला. अनाम गुलामाची समाधी.

आता परत या खांबांपाशी. हा क्लेबोर्न अव्हेन्यू. मधोमध ओकच्या चार रांगा होत्या, दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं. मार्दी ग्राच्या सणाला घरचे डबे घेऊन माणसं त्या सावलीत बसत. आपल्याकडे गावात पार असतो ना, तसाच हा मैलभर लांब पार म्हणा.

१९६६ मध्ये या डोक्यावरच्या महामार्गासाठी ती झाडं तोडली. शहरातल्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीच्या नदीकाठानेही एक महामार्ग जायचा होता. तिथे विरोध झाला, १९६९ मध्ये तो रद्दही झाला. इथल्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

सण तरी हलला का? नाही. मार्दी ग्राला माणसं अजून याच पुलाखाली जमतात. वर्षभर मणी ओवून शिवलेले पिसांचे पोशाख इथेच मिरवतात. रविवारी क्लबांच्या मिरवणुका निघतात. हे क्लब मुळात वर्गणीवर चालणारे. सभासदाचं आजारपण, मयतीचा खर्च त्यातून भागे. पुढे सभासद आणि ब्रास बँड, मागून रुमाल उडवत, छत्र्या नाचवत येईल तो. या मागच्यांनाच म्हणतात 'सेकंड लाइन'.

पुलाखाली ट्रम्पेटचा आवाज दुप्पट घुमतो. म्हणून बँडवाले इथे आले की जरा रेंगाळतातच.