पाय सोडायला जागा

श्रोतेहो, नमस्कार. लहान घरात कामाला आणि छंदाला जागा कशी काढायची, यावर मला बोलायचंय. बोलतो. पण आधी बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरातल्या खड्ड्याची गोष्ट.

वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या विणकरांच्या घरात खड्डामाग असायचा. विणकर जमिनीवर खड्ड्याच्या काठाशी बसणार, पाय आत सोडणार, पायाखाली पट्ट्या, हाताशी आडवा धागा नेणारा धोटा. आमचे आप्पा असेच बसायचे. पुढं यंत्रमाग आले, आमचा माग गेला, खड्डा तेवढा राहिला. खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर चटई आणि चटईवर आम्ही.

२०२० साली टाळेबंदीच्या दोन दिवस आधी पुतण्या पुण्याहून आला. बरोबर लॅपटॉप. कॉटवर बसून काम करायला लागला आणि चौथ्या दिवशी पाठ धरली. टेबल आणलं असतं, पण ठेवायचं कुठं? दोन खोल्या, त्यात भिंतभर शोकेस. आता या शोकेसबद्दल बोलतोच. आत न वापरलेले कपबशीचे सेट, कुणाच्या तरी लग्नातली घड्याळं, आणि माणसं बसतात जमिनीवर! असो.

आप्पा दारातून बघत होते. म्हणाले, "फळ्या काढ की रे. बसायला काठ हाय, पाय सोडायला जागा हाय, आनि काय पायजे तुला?"

फळ्या काढल्या. आत एक धोटा, चार गोट्या आणि माझी हरवलेली कंपासपेटी निघाली. खड्डा अडीच फुटी. आमचा गणपतीचा चौरंग तीन फुटी, त्याचे पाय बरोबर दोन काठांवर बसले. पोरानं काठावर घोंगडी टाकली, पाय आत सोडले, पुढ्यात चौरंग, त्यावर लॅपटॉप. आठवड्यात पाठ मोकळी!

का, ते ऐका. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण १८ इंच, टेबल ३० इंच. मधे उरले १२. आमचा चौरंग फुटाला जरा कमी. म्हणजे खुर्ची जमिनीत गेली आणि टेबल आपोआप झालं. जपानात घरातच असा खड्डा करून त्यावर बुटकं टेबल ठेवतात म्हणे. आमच्या गल्लीत ते कुणी कौतुकानं सांगितलं नाही, एवढंच.

मीटिंगमध्ये मात्र त्याच्या मागून नुसते पाय जाताना दिसायचे. साहेबांनी विचारलं, "कुठं बसलायस?" हा म्हणाला, "मागावर." त्यांना ते पाठीमागं वाटलं.

आणि मग जुलै आला. आपला पाऊस तुम्हाला काय सांगू! एका सकाळी दहाच्या मीटिंगला हा बसला, आणि घोट्याएवढं पाणी. खड्ड्याला पाझर फुटलेला. तोंडानं "येस सर, येस सर", आणि पाय हळूहळू वर. चार्जरची वायर मी धावत जाऊन काढली. आप्पा शांतपणे म्हणाले, "पावसात आम्हालाबी सुट्टीच असायची."

आता तुमच्या घरी खड्डा नसणार, ठाऊक आहे. भिंतीला बिजागरीवर पडणारी फळी लावा. फक्त दोन गोष्टी. पहिली, आधी कोपर मोजा, मग टेबल. ज्यावर बसणार त्यावर बसायचं, खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात, आणि तिथं भिंतीवर पेन्सिलीची खूण. शिवणकाम असो, लिहिणं असो, हार्मोनियमची दुरुस्ती असो. पुन्हा सांगतो, आधी कोपर, मग टेबल. दुसरी, जुन्या मातीच्या भिंतीत फळीचे स्क्रू थेट मारू नका. आधी सागवानी पट्टी चार-पाच ठिकाणी पक्की करा, बिजागरी त्या पट्टीला. फळी १८ मिलिमीटरची, आणि प्लायवर आय.एस. ७१० हा पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा शिक्का बघून घ्या. भुश्शाचा दाबलेला बोर्ड आपल्या दमटात फुगतो. फोटो बघून मागवलेलं आमचं एक कपाट दोन पावसाळ्यांत पोटुशी दिसायला लागलं होतं.

शिलाई मशीन तर पोटात दुमडून वर टेबल होणारं पूर्वीपासून मिळतंय. ते घरात असेल तर दुसरं टेबल कशाला?

पुतण्याचं पुढं काय झालं? पाणी उपसलं, पण तोवर ऑगस्ट लागला. २२ तारखेला गणपती. आईनं आदल्या दिवशी लॅपटॉप उचलून त्याच्या हातात दिला आणि चौरंग धुवायला नेला. मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग. घासून घासून गेला नाही. मग तिनं त्यावर लाल वस्त्र जरा जास्तच लांब अंथरलं, आणि दर्शनाला आलेल्या कुणालाही ते वर करू दिलं नाही.