गाडी कुठवर आलीय?

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर पाऊस लागलाय, रेडिओचा आवाज तेवढा जरा वाढवा.

आज बोलायचंय शहरातल्या उद्याच्या प्रवासाबद्दल. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर झाली, त्यात आपलं बेळगाव होतं. तेव्हापासून ऐकतोय, सिग्नल एकमेकांशी बोलणार, बस फोनवर दिसणार, तिकीट कार्डावर निघणार. चांगलंच आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न एकच, आणि तो आपण थांब्यावर रोज विचारतो: गाडी कुठवर आलीय?

यावरून एक आठवण सांगतो. मी तेव्हा सातवीत होतो. आमचं गाव मार्कंडेय नदीच्या पलीकडं, मधे फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल. रात्री साडेआठला वस्तीची गाडी यायची, देवळासमोर मुक्काम करायची आणि पहाटे दुधाचे कॅन, भाजीच्या बुट्ट्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कामगार घेऊन बेळगावला निघायची. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की गाडी अलीकडंच, फाट्यावर अडकायची. आणि गावातली माणसं मारुतीच्या कट्ट्यावर कंदील घेऊन वाट बघत बसायची. फोन कुणाकडंच नव्हता.

फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला सगळं गाव मामा म्हणायचं. मामांकडं तीन सेलची बॅटरी होती. फाटा आणि कट्टा तसे समोरासमोर, मधे नदी आणि भाताची शेतं. मामांनी खुणा ठरवून दिल्या होत्या. बॅटरी दोनदा लागून विझली, तर गाडी आली, फरशी ओलांडतेय. एकसारखी लागून राहिली, तर गाडी उभी आहे, पाणी बघतायत. आणि बॅटरी गोल फिरली, की गाडी परत गेली, आज येत नाही.

त्या दिवशी आजी रताळी विकायला बेळगावला गेली होती. आजोबा आणि मी कट्ट्यावर. पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. साडेआठ झाले, नऊ झाले, पलीकडं अंधार. सव्वानवाला उजेड दिसला, आणि तो गोल फिरला. गाडी परत गेली. कट्ट्यावर कुणी बोलेना. गाडी परत गेली हे कळलं, पण माणसं कुठं हायेत? गाडीबरोबर गेली, की अंधारात पाण्यात उतरली?

लोक उठायला लागले, तेवढ्यात बॅटरी पुन्हा लागली. लागली, विझली. लागली, विझली. ही खूण कुणालाच ठाऊक नव्हती. आजोबांनी माझा दंड धरला. म्हणाले, ‘‘थांब, मोज.’’ मी मोजलं. सात. जरा थांबून परत सात. तिसऱ्यांदाही सातच. आजोबा वळून सगळ्यांना म्हणाले, ‘‘आज बेळगावला कोण कोण गेलंय, सांगा बघू.’’ एकेकानं नाव घेतलं. टेलरचा मुलगा, डेअरीवाला, कॉलेजच्या दोघी बहिणी, गवंडी, त्याचा भाऊ, आणि आमची आजी. सात! सातच्या सात टपरीत होती. आजोबांनी आमचा कंदील सातदा वर केला, खाली केला, आणि सगळी घरी जाऊन झोपली.

सकाळी पाणी उतरल्यावर आजी आली. कळलं की ही युक्ती तिचीच. तिनंच मामांना सांगितलं होतं, ‘‘गाडी नाही म्हणून सांगितलंस, आता माणसं पण मोजून दाखव की रे. नाहीतर घरची झोपायची नाहीत.’’

श्रोतेहो, गाडी कुठं आहे, आणि माणसं किती आहेत. परत सांगतो: गाडी कुठं, माणसं किती. सिग्नल, बस, तिकीट एकमेकांशी जोडलेल्या शहरातली सगळी यंत्रणा या दोन गोष्टींवर उभी आहे. बसमधलं जीपीएसचं यंत्र दर थोड्या सेकंदांनी आपली जागा कळवतं. तिकिटाच्या मशीनवरून कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली ते कळतं. 2005 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरानं बसचं वेळापत्रक एका ठरावीक साच्यात गूगलला दिलं, आणि तोच साचा पुढं जगभर पसरला. आपल्या शेजारी हुबळी-धारवाडला 2018 पासून चिगरी बस धावते, रस्त्यावरच्या तिच्या वेगळ्या पट्ट्यातून. चिगरी म्हणजे हरिण.

पण यंत्र बसवून भागत नाही. गेल्या महिन्यात मी आमच्या त्याच फाट्यावर उभा होतो. फोनवर गाडी फाट्याला पोचलेली दिसत होती, आणि फाट्यावर मी आणि पायाशी बुट्टी ठेवलेली एक मावशी, आम्ही दोघंच. पाऊण तास. ती मावशी माझ्याकडं बघून विचारत राहिली, आणि मला सांगता येईना. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट.

आणि थांब्यावर गाडीची पाटी लावाल ती कन्नडबरोबर मराठीतही लावा. येळ्ळूरच्या, उचगावच्या म्हातारीला वाचता आली तरच ती पाटी. हे मी जिथं जाईन तिथं बोलतो, आणि बोलत राहणार.

सीमेवरच्या आपल्या माणसांचं आणखी एक. 11 जून 2023 पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये इथल्या बायकांना राज्यात मोफत प्रवास. त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत, त्यांच्या हद्दीत, बायकांना अर्धं तिकीट. शिनोळीला माहेर असलेल्या बाईला एकाच वाटेवर दोन हिशेब. 2019 साली प्रवासाच्या तिकिटासाठी देशभर चालावं म्हणून एक कार्ड आलं. तेच कार्ड दोन्ही राज्यांच्या गाडीत चाललं, तर हा हिशेब मशीन करील, तिनं पर्समध्ये कागद शोधत बसायला नको. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला आणि एसटी थांबली, तसं पुन्हा झालं, आणि गाडी फोनवर दिसत असली, तर निदान तिला घरातून निघायच्या आधी कळेल.

आता तुमच्याकडं एक काम. आठवडाभर तुमच्या थांब्यावर गाडी किती वाजता आली ते वहीत लिहा, आणि त्या वेळी थांब्यावर किती माणसं होती तेही. गावाचं नाव घालून पोस्टकार्डावर आम्हाला पाठवा. पुढच्या भाषणात मी ती पत्रं वाचणार आहे.

नमस्कार.