हलद की हळद : घणसोलीतल्या धवल्यांची पीएचडी

ट्रान्सहार्बरच्या गाडीने घणसोलीला उतरलं की आधी टॉवर दिसतात, गाव दिसतच नाही, गावासाठी आत शिरावं लागतं. ही बघा गल्ली, दोन बाईक समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावी लागते. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, शेती गेली, मिठागरं गेली. आगरी लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी, मात्र अजून आहेत.

या मांडवातल्या आजी धवलारीण आहेत. लग्नाचे विधी त्या गाण्यातून लावतात, पोथी नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. आणि समोर मोबाईल घेऊन बसलेली ही मुलगी याच गाण्यांवर पीएचडी करतेय.

रेकॉर्डिंग काय, मांडवात दहा जण करत असतात. पुढचं काम बघा. आधी परवानगी, ती पण आजींच्याच आवाजात. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये, कारण एमपीथ्रीमध्ये साईज कमी करायला आवाजातलं थोडं कायमचं काढून टाकतात. फाईलला त्याच रात्री नाव, तारीख, गाव, विधी, आणि दोन कॉप्या दोन वेगळ्या ठिकाणी.

स्क्रीनवर जे दिसतंय ते एलान, नेदरलँड्सच्या मॅक्स प्लांक संस्थेतलं फुकट सॉफ्टवेअर. वर आवाजाची लाट, खाली ओळी, एकीत आजी जशा म्हणाल्या तसं, दुसरीत अर्थ, तिसरीत त्या क्षणी मांडवात काय चाललं होतं, आणि ओळीवर क्लिक केलं की नेमका तेवढाच तुकडा वाजतो.

सुरुवातीला वेळ वाचावा म्हणून तिने मोबाईलचं व्हॉइस टायपिंग लावून पाहिलं. आजी म्हणाल्या पानी, मोबाईलने लिहिलं पाणी. आजी म्हणाल्या हलद, तिथे हळद. तिने वाचून दाखवल्यावर आजी लगेच बोलल्या, "माज्या तोंडान हलद हाय, तुज्या मोबाईलान हळद कशी आली गो?" आगरीत ण चा न होतो, ळ चा ल होतो, ती चूक नाहीये, ती बोली आहे, आणि मशीन ती गुपचूप पुसून टाकतं. म्हणून आता प्रत्येक शब्द हाताने, एका गाण्याला दोन-दोन रात्री जातात.

लिहून झालं की कच्चा मसुदा ब्लॉगवर, मराठीतच. जिथे खात्री नाही तो शब्द पिवळा. आजी नको म्हणाल्या ती गाणी टाकत नाही. लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि दिवा, ऐरोली, तळवलीकडून बायकांचे व्हॉइस मेसेज येतात, आमच्याकडे हा शब्द असा, ही ओळ आधी. मला विचाराल तर हीच खरी तपासणी, ज्यांचं गाणं त्यांनीच केलेली. प्रत्येक मेसेज झोटेरोत, म्हणजे संदर्भ नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदला जातो, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या जुन्या प्रबंधांच्या शेजारीच.

त्यातून एका विधीचा क्रम चुकलेला सापडला, एक प्रकरण पुन्हा लिहिलं, गाईडनाही पटलं.

हा शेवटचा शॉट थोडा हललाय, तसाच ठेवलाय. आजींच्या कानाला हेडफोन, लॅपटॉपवर त्यांचंच गाणं. रेकॉर्डिंग संपलं तरी आजी थांबल्या नाहीत, हे कडवं लग्नात आलंच नव्हतं. मुलीचा हात बघा, मोबाईल शोधतोय.