एक साखर कमी

(दृश्य: लालबागची एक गल्ली. रविवारची सकाळ. मंडळाच्या मांडवात रक्तदान शिबिर: सहा खाटा, पांढऱ्या चादरी. टेबलावर निळ्या द्रावणाचा काचेचा ग्लास.)

हा थेंब बघा.

आत्ताच एका तरुणाच्या बोटाला टोचून काढलाय. बारीक नळीतून या निळ्या द्रावणात सोडला. द्रावण मोरचुदाचं आहे. द्राक्षबागायतदार चुन्यात कालवून फवारतात ना, तेच मोरचूद. थेंब वर जरासा रेंगाळतो आणि मग सरळ तळ गाठतो. टेबलामागच्या ताई मान वर न करता म्हणतात, "झालं, जा खाटेवर."

बुडाला म्हणजे पास. शंभर मिलिलिटर रक्तात निदान साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असलं, तर थेंब एवढा जड भरतो. आणि तो पाण्यात विस्कटत कसा नाही? रक्तातली प्रथिनं तांब्याला भेटताक्षणी थेंबाभोवती पातळसं कवच धरतात. पंधरा-एक सेकंद टिकतं ते. तेवढ्यात निकाल लागलेला असतो.

प्रोटीन म्हटलं की आपल्याला जिममधला डबा आठवतो, नाहीतर डाळ आणि अंडी. पण इथे, गिरणगावात उभं राहून सांगायचं, तर पेशी ही गिरणी आणि प्रथिनं म्हणजे तिथले कामगार. एकेकाला एकेकच काम. हिमोग्लोबिनचं काम प्राणवायूची हमाली. एका लाल पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू कोंबलेले असतात. एवढी गर्दी की लाल पेशीने जागेसाठी आपलं केंद्रकसुद्धा बाहेर टाकून दिलेलं असतं. सकाळी साडेआठला दादरला उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

आज मात्र आपल्याला हिमोग्लोबिनकडे नाही, दुसऱ्याच एका कामगाराकडे जायचंय. तो संख्येने फार नाही. काम करतो ते एवढंसं. पण तो नसला की काय होतं, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला.

(दृश्य: पांढरी टाइल. तिच्यावर रक्ताचे तीन थेंब. शेजारी तीन बाटल्या: निळी, पिवळी, बिनरंगी.)

रक्तगट तपासायची ही जुनी रीत. निळ्या बाटलीत 'ए' ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी. पिवळ्या बाटलीत 'बी' ओळखणारे. बिनरंगी बाटली पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी. ताई काडीने ढवळतात, टाइल हलकेच झुलवतात. पहिल्या थेंबात रवा पडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. दुसरा थेंब गुळगुळीत. म्हणजे गट 'ए'.

हे दाणे म्हणजे काय? लाल पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, झुडपासारख्या. चहातली ती साखर नव्हे, पण त्याच घराण्यातली. प्रतिपिंड हेही प्रथिनच. त्याच्या दहा हातांपैकी एक या पेशीचं टोक धरतो, दुसरा त्या पेशीचं. अशा हजारो पेशी एकमेकींत अडकल्या की आपल्याला दाणे दिसतात.

मग 'ए' आणि 'बी' यांत फरक किती? साखळीच्या टोकाला असलेल्या एका साखरेचा. 'ए'वाल्यांच्या टोकाला एन-असिटिल गॅलॅक्टोजमाइन, 'बी'वाल्यांच्या टोकाला साधं गॅलॅक्टोज. ही शेवटची साखर बसवणारं प्रथिन ३५४ अमिनो आम्लांच्या माळेचं आहे. दोघांच्या माळा शेजारी ठेवल्या, तर फक्त ४ मणी वेगळे निघतात. चार मण्यांवरून हे प्रथिन ठरवतं की डब्यातून कोणती साखर उचलायची.

आणि 'ओ'? तिथे हा कामगार निकामी असतो. त्याच्या जनुकातलं एकच अक्षर गळालंय. एकाने एवढं काय बिघडतं? जनुक तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचला जातो. "मदन कमळ पकड" हे वाक्य घ्या. त्यातला 'द' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं जुळवा: "मनक मळप कड". पुढचा सगळा मजकूर घसरला. माळ भलतीच होते आणि मध्येच तुटते. शेवटची साखर बसतच नाही.

इथपर्यंत सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. 'ओ' म्हणजे काहीच नाही, कोरी पाटी, म्हणून सगळ्यांना चालणारं रक्त. पण पाटी कोरी नसते.

(दृश्य: परळ. केईएमचं जुनं दगडी आवार. व्हरांड्यात पिशव्या, डबे, थर्मास घेऊन बसलेले नातेवाईक.)

शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं. त्या वेळी भोवती गिरण्यांचे भोंगे होते. इथल्या प्रयोगशाळेत डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर काही नमुने आले. टाइलवर बघितलं तर सरळ 'ओ'. निळ्यात दाणे नाहीत, पिवळ्यात नाहीत. पण त्याच माणसांचं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी, दुसऱ्या 'ओ' रक्तात घातलं, की दाणे.

हे व्हायला नको होतं. 'ओ'ला 'ओ' चालतं, हा तर नियम. या माणसांना 'ए' चालत नव्हतं, 'बी' चालत नव्हतं, आणि 'ओ'ही चालत नव्हतं.

१९५२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. त्यावर भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईकरांबरोबर लंडनच्या चौघांची नावं आहेत: रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स. शेवटचे दोघे त्या काळात रक्तगटांची साखर-साखर वेगळी करून बघत होते. टिपणातल्या या नव्या गटाला पुढे शहराचं नाव चिकटलं. १९९५ मध्ये शहराने नाव बदललं, पण हायकोर्ट आणि आयआयटीसारखं हे रक्त अजून बॉम्बेच आहे. 'मुंबई रक्तगट' असं मी एकदा एका रक्तपेढीत म्हणून बघितलं. समोरच्याने दोन क्षण विचार केला आणि म्हणाला, "हां, बॉम्बे ना?"

आता गुंता सोडवू.

साखळीच्या टोकाला 'ए'ची किंवा 'बी'ची साखर बसवण्याआधी तिथे आणखी एक साखर असावी लागते. तिचं नाव फ्यूकोज. ती बसली की तयार होतो 'एच' नावाचा पाया. 'ए' आणि 'बी' या त्या पायावर चढवलेल्या विटा. 'ओ'वाल्यांकडे विटा नाहीत, पण पाया उघडा आणि भरपूर आहे. सगळ्यांत जास्त 'एच' कुणाच्या पेशीवर, तर 'ओ'च्या. कोरी पाटी नाही म्हटलं, ते यासाठी.

हे फ्यूकोज बसवणारा तो आपला कामगार. ३६५ अमिनो आम्लांचं एक विकर, म्हणजे एन्झाइम. अस्थिमज्जेत लाल पेशी घडत असताना, तिच्यात अजून केंद्रक शिल्लक असतानाच, रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या मागावर, याची माळ विणली जाते. मग ती गुंडाळी होऊन गॉल्जी नावाच्या भागात जाऊन बसते. गिरणीच्या भाषेत ते फिनिशिंग खातं. समोरून साखळ्या सरकत येतात, हा एका खाचेत साखळी धरतो, दुसऱ्या खाचेत फ्यूकोज, दोन्ही टोकं भिडवतो आणि सोडतो. पुढची साखळी.

भारतातल्या बॉम्बे गटाच्या अनेकांमध्ये या माळेतला २४२ वा मणी बदललेला सापडतो. ल्युसीनच्या जागी आर्जिनीन. ल्युसीन पाण्यापासून तोंड लपवणारं, त्यामुळे ते गुंडाळीच्या आत सुखाने राहतं. आर्जिनीन विद्युतभार घेऊन फिरणारं. त्याला आत कोंबलं की घडी मोडते. बाकी ३६४ मणी जागच्या जागी, आणि कामगार ठार निकामी. पाळीला बदलीही कोणी नाही.

फ्यूकोज बसत नाही, म्हणून पाया नाही. पाया नाही, म्हणून 'ए' किंवा 'बी' बसवणारे ठणठणीत कामगार साखर हातात धरून नुसते उभे. चहाच्या टपरीवर आपण "एक कटिंग, साखर कमी" म्हणतो, तशी इथे एकच साखर कमी, पण नेमकी खालची.

यातून घराघरांत एक भलताच प्रसंग उभा राहू शकतो. आईचा गट कार्डावर 'ओ', बाबांचाही 'ओ', आणि बाळ 'बी'. मालिकेत असतं तर इथेच संगीत वाजलं असतं, तीन पात्रांचे चेहरे तीनतीनदा दाखवले असते. प्रत्यक्षात आई बॉम्बे गटाची असू शकते. तिच्याकडे 'बी'चं जनुक शाबूत आहे, फक्त पायाअभावी दिसत नव्हतं. बाळाला तिच्याकडून 'बी' मिळाला, बाबांकडून पाया घालणारा चालू कामगार. झालं. कुणाच्या चारित्र्यावर बोलायच्या आधी एक चाचणी करून घ्यावी, एवढंच माझं म्हणणं.

(दृश्य: रक्तपेढीची प्रयोगशाळा. परीक्षानळ्यांचा स्टँड. एका छोट्या कुपीत पारदर्शक द्राव.)

ती चाचणी मोठी गमतीची आहे. 'एच' ओळखायला वापरतात एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या युरोपीय झुडपाच्या बियांमधलं प्रथिन. झुडपाचं नाव युलेक्स. आपल्याकडे ते निलगिरीच्या डोंगरात उपटून उपटून दमायला होईल इतकं माजलंय. बियांमधल्या अशा साखर पकडणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. आणि 'ए'चा मुख्य उपप्रकार, 'ए-वन', ओळखायला जे लेक्टिन वापरतात ते कुठलं? कुळथाचं! कोकणातल्या घरी पिठीला लागतात तेच कुळीथ. शिजवल्यावर त्या प्रथिनाची घडी मोडते, म्हणून आपण ते खुशाल भुरकतो.

नळीत बॉम्बे गटाच्या पेशी, त्यावर युलेक्सचा थेंब. 'ओ'च्या नळीत तळाशी घट्ट लाल गोळी जमते. या नळीत काही नाही. हलवली की धुरासारखं लाल उठतं आणि पसरतं.

तसा या माणसांना काही आजार नसतो. लोकल पकडतात, क्रिकेट खेळतात, म्हातारे होतात. फ्यूकोज शरीराला लागतं, पण ते बसवणारे इतर विकर त्यांच्याकडे चालू असतात. ज्यांच्या पेशीत फ्यूकोज आत पोचवणारी वाटच बंद असते, अशी थोडी मुलं जगात सापडली आहेत. त्यांचाही गट बॉम्बेच निघतो. पण त्यांच्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबता येत नाही, म्हणून त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतात, वाढही खुंटते. म्हणजे लाल पेशीवरची ही एक साखर गेली तर चालतं. सगळीकडची गेली तर नाही.

अडचण येते ती रक्त लागलं की. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावरही अशाच साखरा असतात. त्यांच्याशी झुंजताना लहानपणीच शरीर आपल्याकडे नसलेल्या साखरेविरुद्ध प्रतिपिंड तयार करून ठेवतं. बॉम्बे गटाकडे 'एच'विरुद्ध असतात. 'ओ'ची पिशवी लावली, की ते लाखो परक्या पेशींवर तुटून पडतात, पेशी फुटतात, आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं आणि मूत्रपिंडांवर येतं. म्हणून नुसत्या टाइलवर भागत नाही. पिशवी देण्याआधी क्रॉसमॅच करतात: रुग्णाचं सीरम, दात्याच्या पेशी, एकाच नळीत. 'ओ' म्हणून नोंदलेला माणूस खरा कोण, हे बहुतेकदा तिथेच उघडं पडतं.

भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. युरोपात दहा लाखांत एकाचा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती, म्हणजे हिशेबाने बाराशेच्या आसपास माणसं. कित्येकांना ठाऊकही नसेल. हे जनुक आई-बाप दोघांकडून यावं लागतं, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल असलेल्या घरांत शक्यता वाढते. कागदावर गणित मांडलं तर सातेक पट.

केईएमच्याच आवारात आज रक्तगटांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. दुर्मीळ गट पक्का करायला नमुने तिथे जातात. पण प्रयोगशाळेला रक्त बनवता येत नाही. पिशवी फ्रीजमध्ये ३५ दिवस टिकते, फार तर ४२. ग्लिसरॉल घालून गोठवली तर वर्षानुवर्षं, पण तो थाट सगळीकडे नाही. त्यामुळे शेवटी फोनच फिरवावा लागतो.

(दृश्य: पुन्हा लालबागचा मांडव. दुपार. चहा आणि ग्लुकोज बिस्किटं.)

आता टेबलाशी आलेले हे दादा दाता म्हणून नाही आलेत. मंडळाचे कार्यकर्ते आहेत, खुर्च्या मांडायला आलेत. ताई विचारतात, "तुम्ही नाही देत?"

"मी बोलावलं की देतो. असं शिबिरात ठेवून द्यायला परवडत नाही माझं."

ताई वर बघतात. दिवसभरात पहिल्यांदाच.

त्यांना गट कळला तो धाकट्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी. भावाला एकही पिशवी जुळेना. सख्ख्या भावंडांत जुळायची शक्यता चारात एक, म्हणून यांचीही नळी लावली, आणि ती जुळली. नंतर एकदा रात्री साडेअकराला फोन आला, तेव्हा शेवटच्या गाड्यांचा हिशेब करत ते पनवेलला गेले होते. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

"फॉर्म तरी भरून ठेवा," ताई म्हणतात. "नंबर असू दे आमच्याकडे."

ते पेन घेतात. नाव, वय, वजन, पत्ता. रक्तगटापुढे चार चौकोन छापलेत: ए, बी, एबी, ओ. ते चारही सोडून देतात आणि समासात, जागा पुरेल इतक्या बारीक अक्षरांत, लिहितात: बॉम्बे.