गुरुवार, दुपारचे बारा

नमस्कार श्रोतेहो. आज स्पेनबद्दल बोलायचंय. बैलांच्या झुंजी आणि टाचा आपटत केलेला नाच यांवर इतकं बोलून झालंय की ते आज राहू दे. आज पाण्याबद्दल बोलू. शेताच्या कडेनं वाहणारं पाटाचं पाणी, आणि त्यावरून होणारी भांडणं.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. स्पेनच्या मध्यभागी एक मोठं उंच पठार आहे. मेसेता म्हणतात त्याला. वायव्येच्या कोपऱ्यात, गालिसियात, पाऊस भरपूर. तिथून आग्नेयेकडे सरकत जाल तसा तो आटत जातो, आणि अल्मेरियाजवळच्या गाता भूशिराशी तर वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा होत नाही. आपलं आजचं गाव, वालेन्सिया, पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी. तिथला वर्षाचा पाऊस साधारण ४५० मिलिमीटर. म्हणजे आपल्या माणदेशाच्या घरातला. त्यातही बराचसा सप्टेंबरनंतर कोसळतो, कधी एका रात्रीत. आणि जुलैत पिकं तहानलेली असतात तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत.

मग शेती कशी होते? तुरिया नावाच्या नदीवर. ही तेरुएलच्या डोंगरात उगम पावते, सुमारे २८० किलोमीटर वाहते आणि वालेन्सियाजवळ समुद्राला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला नदीत ठिकठिकाणी बंधारे घालून पाट काढले आहेत. पाटाला स्पॅनिशमध्ये म्हणतात असेकिया, मूळ अरबी शब्द साकिया. बंधाऱ्याला म्हणतात असुद, तोही अरबीच. वालेन्सियावर पाच शतकं मुसलमानांची सत्ता होती. १२३८ साली आरागोनचा राजा जाउमे पहिला यानं शहर जिंकलं. राजा बदलला, धर्म बदलला, भाषा बदलली; पाट मात्र होते तसेच ठेवले गेले. ते शहाणपणाचंच होतं, कारण पाट बंद पडले असते तर जिंकलेल्या जमिनीचा उपयोग काय?

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वालेन्सियाची संत्री जगभर जातात. संत्र्याला स्पॅनिशमध्ये नारांखा म्हणतात. म्हणजे आपलं नारिंग. संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी, मग स्पॅनिश. साखरेला ते आसुकार म्हणतात, ती आपली शर्करा. उठसूट स्पॅनिश अवघड भाषा आहे म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी ऐकून ठेवावं.

तर पाट. तुरियाचे आठ पाट लक्षात ठेवायचे. नदीच्या उजव्या काठावर पाच: क्वार्त, बेनाजेर-फैतानार, मिसलाता, फावारा आणि रोवेल्या. डाव्या काठावर तीन: तोर्मोस, मेस्ताल्या, रास्कान्या. पुन्हा सांगतो, उजवीकडे पाच, डावीकडे तीन. ही उजवी-डावी पुढे फार महत्त्वाची आहे. आणि फुटबॉलवाले श्रोते मेस्ताल्या ऐकून कान टवकारून बसले असतील. हो, वालेन्सियाच्या संघाचं मैदान तेच. १९२३ साली ते बांधलं तेव्हा बाजूनं हा पाट वाहत होता, त्यावरून नाव पडलं.

पाणी वाटायचं कसं, त्याची युक्ती ऐका. नदीचं पाणी किती लिटर असं मोजलेलंच नाही. नदीचे वाटे पाडले आहेत. एका वाट्याला म्हणतात फिला. एकूण १३८ फिला. त्यातले ४८ मोंकादा नावाच्या नवव्या पाटाकडे जातात. तो राजाचा पाट, त्याचा कारभार वेगळा. बाकीचे या आठांचे, कुणाला १४, कुणाला १०. आता गंमत अशी की फिला म्हणजे ठरावीक पाणी नव्हे. नदी भरून वाहत असेल तर फिला मोठा, नदी आटली तर फिला लहान. तूट आली की ती सगळ्यांना सारख्या प्रमाणात येते. जिथं एका पाटाचे दोन फाटे होतात तिथं पाण्याच्या मधोमध दगडी पाचर उभी केलेली असते. तिला ते जीभ म्हणतात. पाणी त्या जिभेवर आपटून आपोआप दोन्हीकडे ठरल्या प्रमाणात वळतं. तिथं ना चावी फिरवावी लागते, ना कुणाची चिठ्ठी लागते.

आणि दुसरी गोष्ट, पाणी जमिनीला बांधलेलं. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जातं. नुसतं पाणी विकता येत नाही. याच किनाऱ्यानं खाली एल्चेला गेलात तर उलटं: तिथं पाण्याची मालकी जमिनीपासून सुटी होती आणि पाण्याचा लिलाव व्हायचा. ज्याच्या हातात पैसा त्याच्या शेतात पाणी. दोन्ही एकाच देशात, एकाच किनाऱ्यावर.

आता खरा प्रसंग. यासाठीच इतका वेळ पाटापाटानं चाललोय.

गुरुवार, दुपारचे बारा. वालेन्सियाच्या कॅथेड्रलचं एक दार आहे, प्रेषितांचं दार. चौदाव्या शतकातलं, दोन्ही अंगांना दगडी पुतळे. दारासमोर एक गोल लोखंडी कठडा. त्यात आठ खुर्च्या, लाकडाच्या, चामड्याच्या बैठकीच्या. शेजारच्या चौकात एक कारंजं आहे: मधे आडवा रेललेला तुरिया नदीचा पुरुष, भोवती आठ मुली, प्रत्येकीच्या हातातल्या घागरीतून पाणी पडतंय. आठ मुली म्हणजे आठ पाट. खुर्च्याही आठ, त्याच पाटांच्या.

समोरच्या इमारतीतून आठ माणसं बाहेर येतात. अंगात गुडघ्याच्या वरपर्यंतचा काळा सैलसर डगला, तिथल्या शेतकऱ्याचा जुना पोशाख. ही आठ माणसं न्यायाधीश. त्यांना सिंदिक म्हणतात. यांतला एकही कायदा शिकलेला असावा लागत नाही. अट एवढीच की त्या पाटाखाली स्वतःची जमीन हवी, ती स्वतः कसणारा हवा, आणि गावात त्याचं नाव चांगलं हवं. पाटावरचे शेतकरीच त्याला निवडून देतात. रात्री दोन वाजता कंदील घेऊन दारं धरायला जाणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे तोच इथं बसतो.

मिकालेत हा कॅथेड्रलचा घंटेचा मनोरा. त्यावर बाराचे टोले पडतात. (इथं थोडं थांबतो. स्पेनची माणसं फार उशिरा जेवतात, आळशी आहेत, असं लोक सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. वालेन्सिया ग्रीनिचच्या रेषेवरच आहे म्हणा ना, पण १९४० साली देशाची घड्याळं एक तास पुढे केली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर यायला हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास बाकी असतात. ते बिचारे सूर्याप्रमाणे वेळेवरच जेवतात.)

बारा वाजले. हातात पितळी आकड्याची काठी घेतलेला शिपाई पुढे येतो. अध्यक्षांची परवानगी घेतो आणि पुकारा करतो: ‘देनुन्सियात्स दे ला सेकिया दे क्वार्त!’ म्हणजे क्वार्तच्या पाटावर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी पुढे यावं. कुणी आलं नाही. मग बेनाजेर-फैतानार. मग तोर्मोस. एकेक करत आठही पाटांची नावं. कित्येक आठवडे कुणीच पुढे येत नाही. पुकारा संपला की सिंदिक उठून निघून जातात. कॅमेरे काढून उभे राहिलेले पर्यटक एकमेकांकडे बघत राहतात.

पण समजा, आज फावाराच्या नावाला एक माणूस पुढे आला. त्यानं काय केलं असेल? पाळी नसताना दारं मोडून पाणी घेतलं. किंवा पाणी सोडून झोपला आणि शेजाऱ्याच्या भाजीत तळं झालं. किंवा आपल्या हद्दीतल्या पाटाचा गाळ काढलाच नाही, म्हणून खालच्यांचं पाणी अडलं. बहुतेक तक्रारी या तीन घरांतल्या. पाटाचा राखणदार त्याला कठड्याच्या आत आणतो, घडलं ते तोंडी सांगतो आणि शेवटी म्हणतो, मला सांगायचं होतं ते एवढंच. मग अध्यक्ष आरोपीला विचारतात, तुमचं काय म्हणणं? वकील नाही. कागद वाचून दाखवणं नाही. ज्याचं त्यानं बोलायचं, वालेन्सियन भाषेत, आणि अध्यक्षांनी सांगितल्यावरच. ‘पार्ले वोस्ते’ म्हणजे तुम्ही बोला. ‘काये वोस्ते’ म्हणजे तुम्ही गप्प. मधेच तोंड घातलं तर चालत नाही. लागलं तर साक्षीदार बोलावतात, आणि फारच वाद असेल तर शेतावर जाऊन बघून येतात.

आता उजवी-डावी आठवा. फावारा उजव्या काठावरचा. तर निकाल सुचवणार डाव्या काठाचे सिंदिक, आणि फावाराचा स्वतःचा सिंदिक निकालात भागच घेणार नाही. उजव्याचा आरोपी, डाव्याचा निकाल. डाव्याचा आरोपी, उजव्याचा निकाल. कारण सरळ आहे. ज्याच्या पाण्यातून माझं पाणी येतं, त्याच्याबद्दल मी न्याय कसा करणार?

सगळे तिथंच डोकी जवळ आणून हळू आवाजात बोलतात. मग अध्यक्ष सुनावतात. दोषी ठरला तर ठरलेलं वाक्य: हे न्यायालय तुम्हाला नियमांप्रमाणे दंड, खर्च आणि नुकसानभरपाईची शिक्षा देत आहे. रक्कम तिथं सांगत नाहीत. ती त्या त्या पाटाच्या नियमांत लिहिलेली असते. अपील नाही. वरचं न्यायालय नाही. आरोपी आलाच नाही तर पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावणं, त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसऱ्यांदा. तिसऱ्यालाही आला नाही तर तक्रार खरी धरून निकाल.

सुनावणीचं शब्दशः टिपण कुणी ठेवत नाही. निकालाची नोंद तेवढी होते. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या दोन जागांवर निर्णय व्हायला इतिवृत्ताची अकरा पानं लागतात आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो, त्यावर इथं न बोललेलं बरं.

दारातच का बसतात? सांगतात असं की कॅथेड्रलच्या जागी आधी मशीद होती. तिचं चर्च झाल्यावर मुसलमान शेतकऱ्यांना आत जाता येईना, म्हणून न्याय बाहेर दारात. आणि गुरुवार यासाठी की दुसऱ्या दिवशी शुक्रवार. याला कागदाचा पुरावा नाही, परंपरा आहे. १९६० साली त्यांनी या न्यायालयाची हजार वर्षं साजरी केली, तीही परंपरेवरच. १८१३ साली मात्र कादिसच्या, म्हणजे काडिझच्या, संसदेत सगळी जुनी खास न्यायालयं मोडीत काढायचं चाललं होतं, तेव्हा फ्रान्सिस्को हाविएर बोरुल या वालेन्सियाच्या प्रतिनिधीनं याची बाजू मांडली आणि ते वाचलं. १९७८ च्या राज्यघटनेनं परंपरागत न्यायालयांना मान्यता दिली. २००९ मध्ये युनेस्कोनं ते मुर्सियाच्या अशाच पाणीपंचायतीबरोबर वारशाच्या यादीत घेतलं.

शहर वाढलं, पाट अंगावर घेऊन वाढलं. रोवेल्याची बरीचशी शेतं इमारतींखाली गेली, पण त्याचा पुकारा अजून होतो. १९५७ च्या ऑक्टोबरात तुरियाला पूर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि नंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. जुन्या पात्रात आता बाग आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा पूर आला तेव्हा या वळवलेल्या पात्रानं शहर वाचवलं, पण त्याच्या दक्षिणेची गावं बुडाली. या वेळी दोनशेहून अधिक माणसं गेली.

दक्षिणेलाच अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, त्याच्या काठी भात पिकतो, आणि त्याच भाताचा पाएया. हे नाव मुळात पसरट लोखंडी भांड्याचं. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, थर बोटभर जाडीचा, पाणी तांदळाच्या सुमारे तिप्पट. तांदूळ पडला की उलथणं लावायचं नाही. आधी दहा मिनिटं मोठी आच, मग आठ मिनिटं मंद, मग आच बंद करून पाच मिनिटं तसंच. ढवळलंत तर पिठूळ रस सुटतो आणि खिचडी होते; तळाशी खरवड धरत नाही, आणि वालेन्सियाचा माणूस तर त्या खरवडीसाठीच भांडतो. कोंबडी, सशाचं मांस, चपट्या शेंगा, पांढरा वाल आणि केशर. त्यात पनीर घालून लग्नात मांडतात, त्याला दुसरं काहीही नाव द्या.

कधी वालेन्सियाला जाणं झालं तर गुरुवार धरा. पावणेबारालाच दाराशी जाऊन कठड्याला लागून उभे राहा, मागे राहिलात तर फक्त डोकी दिसतील. गुरुवारी सुट्टी असेल तर न्यायालय बुधवारी बसतं. नाताळ ते सहा जानेवारी या काळात बसत नाही. आणि पुकारा सुरू झाला की घड्याळाकडे बघू नका. तक्रार नसेल तर पाच मिनिटांच्या आत संपतं.

नमस्कार.