अकरा वाजून दहा मिनिटे

[जवळून: कोरा कागद, पेन्सिल धरलेला हात]

विचारशक्तीच्या तपासणीतली सूचना एवढीच होती, घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

वर्तुळ छान आलं. बारा, सहा, तीन, नऊ आधी मांडून घेतले, मग मधले आकडे भरले. आता काटे. लहान काटा अकरावर गेला. मोठा काटा… हात थांबलाय, पाहा. ‘दहा’ ऐकलं म्हणून हात दहाच्या आकड्याकडे वळतोय. दहा मिनिटं दाखवायला काटा दोनवर लागतो, हे यांना पक्कं ठाऊक आहे. पण दहाकडची ती ओढ आवरून ठाऊक असलेलं वापरायचं, तेवढंच जमत नाहीये.

यांना माणसांची नावं आठवतात, जुने प्रसंग आठवतात. अडतं ते कामांची जुळवाजुळव करताना, एकातून दुसऱ्यात शिरताना. अशा अडखळण्याला कारणं अनेक असू शकतात. यांचं कारण स्कॅनवर दिसलं.

[एमआरआय: एकामागून एक सरकणारे काप]

करड्या चित्रावर हे पांढरे डाग. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या टोकांशी आधी टोप्यांसारखे दिसतात. पुढच्या कापात ते पसरलेत, एकमेकांत मिसळलेत. मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी बोलतो तो ज्या तंतूंमधून, ते तंतू इथून जातात. आणि हा लहानसा काळा ठिपका, भोवती पांढरी कड: इथला रक्तपुरवठा कधीतरी बंद पडला होता. ना हात लुळा पडला, ना तोंड वाकडं झालं. घरात कुणाला कळलंही नाही. साठीनंतर थोडेफार पांढरे डाग पुष्कळांच्या स्कॅनवर असतात, तेवढ्यावरून कुणाला डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकी विचारशक्तीची घट, झाला असं म्हणता येत नाही. इथे मात्र ते दाट आहेत.

[मानेची सोनोग्राफी, लाल-निळा झोत]

हे डाग कुठून आले, ते पाहायला मानेपासून निघावं लागतं. ही मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. दर ठोक्याला झोत उसळतोय. वजनाने मेंदू शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू घेतो. साठवून ठेवायची सोय नाही, म्हणून हा झोत अखंड लागतो. लवचीक धमनी ठोक्याचा धक्का आपल्या भिंतीत मुरवून घेते. ताठरलेली धमनी तो जसाच्या तसा पुढे ढकलते.

[सूक्ष्मदर्शक: दोन काप शेजारी शेजारी]

तो धक्का इथवर पोहोचतो. मेंदूच्या खोल भागातल्या या बारीक धमन्या. डावीकडची निरोगी: भिंत पातळ, मधलं भोक मोकळं. उजवीकडे वर्षानुवर्षं चढ्या रक्तदाबाखाली राहिलेली. भिंतीतल्या स्नायुपेशी गेल्या, त्यांच्या जागी हे गुलाबी, काचेसारखं द्रव्य साचलं. भोक किती उरलंय ते बघा.

नेमक्या याच धमन्या का? त्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात थेट फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला जोर फारसा ओसरायच्या आत त्यांच्यावर येतो. शिवाय प्रत्येकीचा प्रदेश ठरलेला. एक बुजली तर तिथे रक्त पोहोचवायला शेजारीण येत नाही. मधुमेहातली वाढलेली साखर आणि तंबाखूचा धूर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडवतात, एलडीएल कोलेस्टेरॉल मोठ्या धमन्यांत थर चढवतं. वाटा निराळ्या, पण सगळे येऊन भिडतात रक्तवाहिनीच्या भिंतीलाच.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

1948. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, फ्रेमिंगहॅम हे गाव. 5,209 स्त्री-पुरुषांच्या तपासण्या सुरू झाल्या त्या हृदयविकारासाठी. ‘जोखीम घटक’ हा शब्दप्रयोग रुळला तो याच अभ्यासामुळे. पुढे तिथेच डिमेन्शियाचीही नोंद ठेवली गेली, आणि 2016 मध्ये दिसलं की तीन दशकांत नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला सरासरी 20 टक्क्यांनी उतरत गेलं. ही घट फक्त शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये होती, आणि तिचा पूर्ण उलगडा झालेला नाही. पण त्याच काळात रक्तदाबावरचे उपचार सुधारत होते.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासातली एक गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. पन्नाशीत ज्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा 130 किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात पुढे डिमेन्शिया जास्त आढळला. साठीत किंवा सत्तरीत मोजलेल्या आकड्याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे घड्याळाचे काटे चुकायच्या कितीतरी आधी, धडधाकट वयात, हा आकडा बोलत असतो.

रक्तदाबाच्या उपचारांवरच्या स्प्रिंट या चाचणीत 9,361 जण होते. वरचा आकडा 120 च्या खाली आणायचं लक्ष्य असलेल्या गटात विचारशक्तीची सौम्य घट कमी जणांना झाली. डिमेन्शियाबाबतचा फरक ठामपणे सिद्ध झाला नाही.

2021 साली जगात 5 कोटी 70 लाख लोक डिमेन्शियासह जगत होते.

[लांब मार्गिका. छोटी, घासत पडणारी पावलं. सोबत दुसऱ्या कुणाचा तरी हात. निवेदन नाही, 10 सेकंद]

[खुर्ची, टेबल, यंत्र. चाळिशीतली एक बाई]

पाठ टेकलेली. पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. मोजणी चालू असताना बोलायचं नाही. या आज पहिल्यांदाच रक्तदाब मोजून घेताहेत.

पट्टा फुगतोय. हवा सुटतेय.

एक मिनिट थांबून पुन्हा एकदा.