रिंग लाइट राहू द्या, आधी पांढरा टॉवेल आणा

सोलापुरात मोबाईलवर शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलामुलींसमोर झालेलं बोलणं, थोडं आवरून.

आल्या आल्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, सर, रिंग लाइट कुठला घेऊ. माझं म्हणणं, आत्ता कुठलाच घेऊ नका. अहो, सोलापुरात राहून उजेडाची टंचाई कसली? आपल्याकडे उजेड आणायचा नसतोच, आहे तो वळवायचा, मऊ करायचा आणि नको तिथं अडवायचा, आणि या सगळ्याला लागतं कापड, ते तर आपल्याच गावात मागावर निघतं.

मोबाईलचा सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याच्या मानानं फारच लहान. उजेड कमी पडला की फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवतो आणि चित्रात दाणे दिसायला लागतात, आणि ऊनसावलीचा फरक जास्त झाला की एकतर तोंड काळं नाहीतर मागचं आकाश पांढरंफेक. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उघड्यावर माणूस उभा केला तर डोळ्यांच्या जागी काळोख आणि नाकाची सावली ओठावर. त्यापेक्षा त्याला दारात घ्या, उंबऱ्याच्या थोडं आत, म्हणजे अंगणातल्या फरशीवरून उडालेलं ऊन खालून तोंडावर येतं, डोळे उघडतात, फुकटात.

आता खोलीतला सीन घ्या. आजी खिडकीशी बसून विड्या वळतीय. खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा पार अंधारात. त्या अंधाऱ्या बाजूला फ्रेमच्या बाहेर, हातभर अंतरावर पांढरा टर्किश टॉवेल धरा आणि फोनकडे नाही, आजीच्या गालाकडे बघत टॉवेल हळूहळू फिरवा, एका कोनात सुरकुत्या दिसायला लागतील आणि बोटांतलं तेंदूचं पानसुद्धा. टॉवेल जरा मागं नेला की उजेड झपकन उतरतो, तो किती ठेवायचा हे सीन ठरवतो. टॉवेल पांढराच हवा बरं का, गुलाबी धरलात तर गालही गुलाबी होणार. आणि आजीला वाईट बातमी कळलीय असा सीन असेल तर टॉवेल काढा, तिथं काळं घोंगडं धरा, सावली अजून गडद होते. थेट ऊनच आत येत असेल तर खिडकीला बाहेरून मांजरपाट लावा, विषय संपला.

हे काही जुगाड नाही हां. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ सिनेमामध्ये छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घरावर पांढरं कापड ताणलं आणि खालून लाइट त्यावर मारून परतवला, अंगणात वरून आभाळाचा उजेड पडावा तसा. मला विचाराल तर उजेड शिकायचा असेल तर ते अंगण पुन्हा पुन्हा बघा.

हे सगळं केलं आणि फोन ऑटोवर ठेवला तर मात्र सगळी मेहनत वाया, कारण पांढरी साडी मधून गेली की फोन लगेच चित्र काळं करतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्सपोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, लॉक करा, मग उजेड जरासा खाली ओढा. काळं पडलेलं नंतर थोडंफार वर काढता येतं, पांढरं उडालेलं परत येत नाही.

रात्रीचं थोडक्यात सांगतो. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकदम लावू नका, अर्धं तोंड पिवळं अर्धं निळं होतं, एकच ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची सेटिंग, लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हातानं बदलता येतात तिथं, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री शूट करणार असाल तर हे घरीच लावून निघा, तिथल्या गर्दीत सेटिंग शोधणं होत नाही.

बरं, ट्यूब बंद करा कुणीतरी. एकजण त्या खिडकीशी बसा, टॉवेल मी आणलाय, दुसऱ्यानं धरा.